पोस्टग्रेसची डिस्क भरली. पीजी-वॉलमधल्या जुन्या फाइल उडवू का?

नका उडवू, भाऊ. एकही नाही.

तुम्ही लिहिलंय की नागपूरच्या कळमना बाजारातल्या आडतीचा हिशेब ज्या सर्व्हरवर आहे त्याची डिस्क शंभर टक्के भरली, पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर बंद पडलं आणि पीजी-वॉल फोल्डरात 16 एमबीच्या हजारो फाइल दिसून राहिल्या. तुम्ही आडतीत वाढलेले, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो: ती किर्द आहे, रोजची नोंदवही. डेटाबेस प्रत्येक बदल आधी तिथे लिहितो आणि मुख्य फाइलींत, म्हणजे खतावणीत, सवडीने चढवतो. खतावणी पुरी व्हायच्या आत किर्दीची पानं फाडली तर हिशेब कशावरून जुळवणार? 9.6 पर्यंत या फोल्डरचं नाव पीजी-एक्सलॉग होतं. नावातला ‘लॉग’ पाहून लोक रद्दी समजून फाइल उडवायचे, म्हणून 2017 च्या आवृत्ती 10 मध्ये नावच बदललं.

वाडीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मी पोचेपर्यंत त्यांच्या माणसाने अर्ध्या फाइल काढल्या होत्या. सर्व्हर सुरूच होईना. शेवटी रीसेट करून जबरदस्तीने चालू केला, तर काही बिल्ट्या (मालाच्या पावत्या) दोनदा दिसत होत्या, काही गायब. बॅकअप नऊ दिवसांचा जुना. कागदी बिल्ट्या काढून तीन पोरं चार रात्री एंट्री करत बसली. त्या रात्री आठवल्या की अजून अस्वस्थ होतं, म्हणून एवढं ठासून सांगतोय.

सर्व्हर बंद आहे तोवर पूर्ण डेटा डिरेक्टरी बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या. व्यापारी फोन करत राहतील, करू द्या. मग त्याच पार्टिशनवर दुसरी जागा मोकळी करा: जुने डंप, सिस्टिमचे जर्नल, पॅकेजची कॅश. काहीच सापडलं नाही आणि फाइलसिस्टिम ईएक्सटी-फोर असेल, तर त्यात साधारण 5 टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्यासाठी, राखीव असते. ट्यून-टू-एफएस या कमांडने ती 1 टक्क्यावर आणली की 500 जीबीच्या डिस्कवर 20 जीबी हाती लागते. तेवढ्यात पोस्टग्रेस उठतं. उठताना रिकव्हरी चालते, म्हणजे किर्दीवरून खतावणी पुरी होते, तिला वेळ लागतो. मध्येच प्रोसेस मारू नका.

आता मूळ कारण. तुम्ही जाता जाता लिहिलंय की मागच्या खोलीतलं स्टँडबाय मशीन, म्हणजे मुख्य सर्व्हरची प्रत ठेवणारं, उन्हाळ्यात तापतं म्हणून महिनाभरापासून बंद ठेवलंय. माझा संशय तिथेच आहे. पीजी-रेप्लिकेशन-स्लॉट्स हा व्ह्यू (तक्ता) पाहा; स्लॉट म्हणजे स्टँडबायने कुठवरच्या फाइल नेल्या याची नोंद. त्यात एखाद्या स्लॉटचं ॲक्टिव्ह ‘फॉल्स’ असेल, तर मुख्य सर्व्हर त्या बंद मशीनसाठी प्रत्येक फाइल राखून बसलाय. ते येऊन घेऊन जाईल म्हणून. तो स्लॉट ड्रॉप करा आणि चेकपॉइंट चालवा, म्हणजे किर्दीतलं सगळं खतावणीत चढेल. नको असलेल्या फाइल पोस्टग्रेस स्वतःच काढतं, तुम्हाला फोल्डर उघडायचीही गरज नाही. स्टँडबाय मात्र पीजी-बेसबॅकअप या कमांडने नव्याने उभं करावं लागेल, आणि ते कूलरच्या भरवशावर ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो.

आवृत्ती 13 पासून मॅक्स-स्लॉट-वॉल-कीप-साइझ ही सेटिंग आहे; स्लॉटसाठी जास्तीत जास्त किती फाइल राखायच्या ते ती ठरवते. मुळात ती उणे 1, म्हणजे मर्यादाच नाही. तुमच्या डिस्कला झेपेल तेवढा आकडा टाका. स्टँडबाय फार मागे पडलं तर ते पुन्हा बांधावं लागेल, पण संत्र्याच्या हंगामात मुख्य सर्व्हर बंद पडण्यापेक्षा ते हजारदा बरं.

स्लॉट काढूनही जागा सुटली नाही तर पीजी-स्टॅट-आर्काइव्हरमधला फेल्ड-काउंट पाहा. तो वाढत असेल तर आर्काइव्हची, म्हणजे या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवणारी, कमांड अडकलीय. ती ओळ आणि तुमची आवृत्ती इथे टाका, मी रात्री पाहतो.