वाचक विचारतात: तिकोनी काचेतून गळणारं पाणी

प्रश्न: माझ्याकडे 1988 ची प्रीमियर पद्मिनी आहे. पुढच्या दोन्ही दारांच्या तिकोनी काचांतून पाणी येतं. गेल्या पावसाळ्यात ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट महिनाभर ओलं होतं. गॅरेजवाले म्हणतात, सिलिकॉन भरून काच कायमची बंद करू. तसं करावं का? रबर बदलायचं ठरवलं तर घरी जमेल का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर: सिलिकॉन अजिबात भरू नका. बाजारात सर्रास मिळणारं, सिरक्यासारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं आणि त्याखालचा पत्रा गंजतो. पुढे ते खरवडून काढलं तरी त्याचा थर उरतो, त्यावर रंग धरत नाही. शिवाय आपल्याकडच्या उन्हाळ्यात बिनएसीच्या गाडीत वारा आत वळवते ती हीच काच, ती बंद करून कसं चालेल?

रबर घरी बदलता येतं. एका दाराला अर्धा दिवस धरा. पण आधी पाणी नेमकं कुठून येतं ते शोधा, कारण कार्पेट ओलं होण्याचं कारण दर वेळी तिकोनी काचच असते असं नाही.

ठिबकची 16 मिमीची नळी घ्या आणि तोंडाशी काही न लावता पाणी हळू सोडा. जोराची धार मारली तर चांगल्या रबरातूनही पाणी शिरतं आणि निदान चुकतं. सुरुवात खालून करा: आधी काचेची खालची कड, मग मोठ्या काचेच्या बाजूचा उभा दांडा, शेवटी वरचा कोपरा. प्रत्येक ठिकाणी तीन मिनिटं पाणी सोडा. दुसऱ्या माणसाने आत बॅटरी आणि कोरडा वर्तमानपत्राचा कागद घेऊन बसावं. पाणी वरून सोडलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि वाट सापडत नाही.

आता काच सुकवून तिच्या कडेला खडू घासा, काच बंद करून खटका लावा आणि परत उघडा. रबरावर खडूची रेघ जिथे तुटली असेल तिथे काच टेकत नाही. रेघ फक्त खटक्याजवळ तुटली असेल, तर रबर चांगलं असून खटका झिजलेला असू शकतो. खटक्याच्या बैठकीखाली फायबरचा पातळ वॉशर घातला की काच पुन्हा आत ओढली जाते. निम्मं काम इथेच संपू शकतं.

रेघ वरच्या कोपऱ्यात किंवा बरीच तुटली असेल तर मात्र रबर बदलाच. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. त्या उन्हाने रबर आधी कडक होतं, मग आखडतं आणि कोपऱ्यांतून सुटतं. कडक झालेलं रबर परत मऊ होत नाही.

रबर बदलायला दाराची ट्रिम, म्हणजे आतल्या बाजूचं पुठ्ठ्याचं आवरण, काढा. काचेच्या हँडलमागची चकती दाबली की पिन किंवा क्लिप दिसते. तिकोनी काच खालच्या बाजूला एका दांड्यावर फिरते. त्या दांड्यावर स्प्रिंग, वॉशर आणि नट असतो. नट सोडताना किती फेरे फिरले ते मोजून लिहून ठेवा, बसवताना तेवढेच आवळायचे आहेत. जास्त आवळलं तर काच फिरवताना खालचा कान तुटतो. सैल ठेवलं तर गाडी साठच्या वेगात गेली की काच आपोआप मिटते. काच काढताना तिच्या कडेला पेचकस लावू नका. टफन काच कडेवरच्या छोट्याशा टोल्यानेही भुगा होते, आणि या काचा आता सहज मिळत नाहीत.

जुनं रबर निघालं की खाली गंज दिसेल. इथे घाई केली तर पुढचं सगळं काम वाया जातं: गंजाचा फुगवटा नव्या रबराला वर उचलतो आणि गळती त्याच जागी परत येते. आधी तारेचा ब्रश, मग 120 आणि त्यानंतर 320 नंबरचा पॉलिश पेपर, वर रेड ऑक्साइड प्रायमर आणि रंग. रंगानंतर पूर्ण एक दिवस थांबा.

नवं रबर साच्यातून आलेलं, म्हणजे कोपरे तयार असलेलं मिळालं तर तेच घ्या. मीटरवर मिळणारं घ्यावं लागलं तर आधी जुन्या रबराचा तुकडा दुकानात नेऊन दोन्हींची आडवी कापलेली बाजू जुळवून पाहा. कापताना प्रत्येक बाजूला 5-6 मिमी जास्त ठेवा आणि दाबून बसवा. ताणून बसवलेलं रबर काही आठवड्यांत मूळ लांबीवर येतं आणि कोपऱ्यात फट पडते. नव्या रबराची गळती बहुतेक वेळा यामुळेच असते. खाचेत सरकवायला साबणाचं पाणी वापरा, तेल किंवा ग्रीस नको. रबर चिकटवायचा गोंद फक्त कोपऱ्यांना आणि टोकांना लावा: दोन्ही बाजूंना पातळ थर, हाताला चिकटेनासा झाला की दाबा. एरवी त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. मेच्या दुपारी तो दोन-तीन मिनिटांत सुकून जातो, म्हणून हे काम सकाळी सावलीत करा. नंतर काच बंद करून गाडी रात्रभर तशीच ठेवा, रबराला काचेचा आकार बसतो.

ट्रिम परत लावण्याआधी आतला प्लास्टिकचा पडदा पाहा. उभ्या दांड्याच्या फेल्टमधून, म्हणजे मोठी काच जिच्यात सरकते त्या मऊ पट्टीतून, थोडं पाणी दारात उतरणारच. ते खालच्या भोकांतून बाहेर जावं अशीच दाराची रचना असते. पडदा फाटला असेल तर तेच पाणी ट्रिमच्या पुठ्ठ्यावर आणि तिथून कार्पेटवर येतं. पडद्यासाठी शेतातला उरलेला मल्चिंग पेपर लावू नका, तो 25-30 मायक्रॉनचा असतो आणि लगेच फाटतो. 100 मायक्रॉनच्या आसपासचं पॉलिथिन घ्या आणि त्याची खालची कड दाराच्या आत सोडा.

प्रश्न: 1992 ची अँबॅसॅडर. पाणी येत नाही, पण मुंबई-आग्रा महामार्गावर साठच्या पुढे गेलं की तिकोनी काचेजवळ शिट्टी वाजते. रबरावर रॉकेल लावून पाहिलं. दोन-चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच.
— एक वाचक, शिरपूर

उत्तर: रॉकेलने रबर फुगतं, म्हणून फट तेवढ्यापुरती बुजली. ते उडून गेलं की रबर पुन्हा आकसतं आणि आतून भुसभुशीत होतं. खोबरेल तेलही नको, त्यावर आपली काळ्या मातीची धूळ बसते आणि तीच काचेला घासते. रबर जपायचं तर पातळ सिलिकॉन ग्रीस फडक्याने वर्षातून दोनदा पुसा.

शिट्टीची जागा शोधायला रंगवाले लावतात तो कागदी टेप आणा. बाहेरून सगळ्या फटी बंद करून गाडी चालवा, आवाज थांबायला हवा. मग एकेक पट्टी काढत तोच वेग, तोच रस्ता. जिथली पट्टी काढल्यावर शिट्टी परत येते ती जागा. बहुतेकदा ती पुढचा वरचा कोपरा निघेल. तिथे काच ज्यावर फिरते तो वरचा खिळा झिजून सैल असेल तर नुसतं रबर बदलून उपयोग नाही, वाऱ्याच्या दाबाने काच बाहेर ओढली जाणारच. आधी खिळा नवा करा.

प्रश्न: गाडी वळवली की दारातून पाणी हिंदकळल्याचा आवाज येतो. तिकोनी काच बदलावी का?
— एक वाचक, यावल

उत्तर: नाही. दाराच्या खालच्या कडेची भोकं चिखलाने बुजली आहेत. 2-3 मिमीची तार आतबाहेर फिरवा, मग काचेच्या फटीतून लिटरभर पाणी ओता. ते लगेच खालून निघून जायला हवं. आज-उद्याच करा. दारात पाणी साचत राहिलं तर खालचा पत्रा आतून सडतो आणि बाहेर रंगावर फोड दिसेपर्यंत भोक पडलेलं असतं.