हप्त्यांवरचा गेमिंग लॅपटॉप की टप्प्याटप्प्याने उभा केलेला डेस्कटॉप?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "नोकरी लागून दोन वर्षे झाली आहेत. खर्च जाऊन पगाराचा पाचवा हिस्सा दरमहा शिल्लक राहतो आणि दोन महिन्यांचा खर्च भागेल एवढी रक्कम बँकेत आहे. घरी आठ वर्षांपूर्वीचा जुळणी केलेला डेस्कटॉप आहे. त्यात सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर४ रॅम, हार्ड डिस्क आणि जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड आहे, आणि मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झचा आहे. रात्री मित्रांबरोबर काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंट खेळतो आणि आता नवे, मोठ्या कथेचे गेमही खेळावेसे वाटतात. अडीच पगारांएवढ्या किमतीचा गेमिंग लॅपटॉप १२ टक्के व्याजाने २४ हप्त्यांवर मिळत आहे. नव्या डेस्कटॉपच्या डब्याचे कोटेशनही घेतले आहे, ते एका पगारापेक्षा थोडे जास्त आहे. काय करावे?"

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. गेमसाठी पैसे खर्च करणे म्हणजे उधळपट्टी, असे मी मानत नाही. दिवसभराच्या कामानंतर मित्रांबरोबर घालवलेले दोन तास ही खरी गरज असू शकते आणि आर्थिक नियोजनात हौसेलाही हक्काची जागा असली पाहिजे. त्यामुळे "घेऊ नका" असे उत्तर मी देणार नाही. प्रश्न एवढाच आहे की हीच हौस कोणत्या मार्गाने भागवली, तर तिची किंमत तुमच्या पुढच्या दोन वर्षांवर कमीत कमी पडेल.

हिशेब सोपा व्हावा म्हणून तुमचा मासिक पगार १०० मानू. खर्च ८०, शिल्लक २०, बँकेत १६०, लॅपटॉप २५० आणि डेस्कटॉपचे कोटेशन १२०.

तुम्ही पाठवलेल्या हप्त्यांच्या तक्त्यावर व्याजदराच्या शेजारी "फ्लॅट" असा शब्द छापलेला आहे. या निर्णयात सर्वाधिक पैसा त्या एका शब्दात अडकलेला आहे. फ्लॅट दरात व्याज पहिल्या दिवसाच्या संपूर्ण कर्जावर शेवटपर्यंत आकारले जाते. तुम्ही अर्धे मुद्दल फेडले असले तरी व्याज पूर्ण रकमेवरच चालू राहते. त्यामुळे २५० वर वर्षाला १२ टक्के म्हणजे दोन वर्षांचे व्याज ६० होते, एकूण परतफेड ३१० होते आणि दरमहा हप्ता सुमारे १३ येतो. घटत्या शिलकीच्या पद्धतीने (म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून) मांडले, तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो, आणि प्रक्रिया शुल्क असेल तर त्याहून वर. दुसऱ्या दुकानात बिनव्याजी हप्ते मिळतात असेही तुम्ही लिहिले आहे. तिथे एकच प्रश्न विचारावा: एकरकमी पैसे दिले तर किती सूट मिळेल? समजा पाच टक्के सूट मिळत असेल आणि बारा हप्त्यांसाठी तुम्ही ती सोडत असाल, तर त्या "बिनव्याजी" हप्त्यांचा खरा दर वर्षाला साधारण साडेनऊ टक्के पडतो.

१३ चा हप्ता दिल्यावर तुमच्या २० च्या शिलकीतले सात उरतात. दोन वर्षांनी बँकेतली रक्कम ३३० च्या आसपास पोहोचेल, म्हणजे जेमतेम चार महिन्यांचा खर्च. या काळात नोकरी गेली किंवा घरात आजारपण आले, तर हप्ता थांबत नाही, आणि लॅपटॉप विकून कर्ज फिटेल ही आशाही फोल ठरते, कारण अशा यंत्राची पुनर्विक्रीची किंमत पहिल्या वर्षातच मोठ्या प्रमाणात उतरते. दोन वर्षांच्या नोकरीवर, दोनच महिन्यांची पुंजी गाठीशी असताना, झपाट्याने जुन्या होणाऱ्या वस्तूसाठी एवढी बांधिलकी मी योग्य समजत नाही.

पैशांखेरीज वस्तू म्हणूनही लॅपटॉप तुमच्या गरजेला जुळत नाही. कामासाठी कार्यालयाचा लॅपटॉप आहे आणि खेळणे घरीच, त्याच टेबलावर होते, असे तुम्हीच लिहिले आहे. मग उचलून नेण्याच्या सोयीचे पैसे कशासाठी मोजायचे? शिवाय लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स कार्डाच्या नावावर विसंबून राहता येत नाही. तुम्ही पाहिलेल्या लॅपटॉपमधला आरटीएक्स ४०६० एखाद्या लॅपटॉपमध्ये ३५ वॉटवर चालवलेला असतो, तर दुसऱ्यात ११५ वॉटवर, आणि दोघांच्या कामगिरीत मोठी तफावत पडते. आरटीएक्स ४०७० च्या बाबतीत तर डेस्कटॉपच्या कार्डावर १२ जीबी मेमरी आहे आणि त्याच नावाच्या लॅपटॉपच्या चिपसोबत ८ जीबी. ही चिप यंत्राच्या मुख्य बोर्डावर (मदरबोर्डवर) कायमची जोडलेली असते, त्यामुळे तीन वर्षांनी ती कमी पडू लागली की संपूर्ण यंत्रच बदलावे लागते. तुम्हाला शिक्षणासाठी किंवा कामासाठी सतत गावोगाव फिरावे लागत असते, तर माझे उत्तर वेगळे असते.

गेमिंग कन्सोलचाही विचार करून पाहिला, कारण पहिल्या खर्चात तो बहुधा स्वस्त पडतो. पण काउंटर-स्ट्राइक २ कन्सोलवर नाही, तुम्ही आजवर विकत घेतलेले पीसीचे गेम तिथे चालणार नाहीत आणि विकतचे गेम ऑनलाइन खेळण्यासाठी वर्गणी भरावी लागते. तुमच्यापुरता हा पर्याय इथेच संपतो.

आता डेस्कटॉपकडे वळू. त्याच्या स्वस्तपणाइतकाच मोलाचा, आणि विक्रेते सहसा सांगत नाहीत असा, त्याचा एक गुण आहे: तो सुट्या भागांचा असल्यामुळे सुट्या भागांत विकत घेता येतो. लॅपटॉप पहिल्याच दिवशी पूर्ण घ्यावा लागतो म्हणून कर्ज काढावे लागते. डेस्कटॉपचे भाग मात्र पैसे साठतील तसे घेता येतात आणि मधल्या काळात जुने भाग काम करत राहतात. हे हप्तेच आहेत, फक्त त्यांवर व्याज नाही आणि एखादा महिना कठीण गेला तर ते तुमच्या मर्जीने थांबवता येतात.

खरेदीपूर्वी एक बिनखर्ची तपासणी करावी. गेम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसर, मेमरी (रॅम), डिस्क आणि ग्राफिक्स यांचे आलेख पाहावेत. जो आलेख शंभर टक्क्यांना टेकलेला राहतो, तो भाग बाकीच्यांना अडवून धरतो. तुम्ही पाठवलेल्या चित्रात डिस्कचा आलेख गेम उघडताना सतत १०० टक्क्यांवर आहे आणि मेमरी ८ पैकी ७.५ जीबी भरलेली आहे; प्रोसेसरचे चारही गाभे (कोअर) सामना सुरू झाल्यावर थकलेले दिसतात. ग्राफिक्स कार्ड मात्र व्हॅलोरंटमध्ये निम्म्यावरच आहे. म्हणजे तुम्ही ज्याला दोष देत होता, ते कार्ड आजच्या खेळांपुरते अजून पुरेसे आहे. ते कमी पडेल ते नव्या, मोठ्या गेमांमध्ये.

म्हणून या महिन्यात फक्त एक एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी वापरायची वेगवान साठवण, घ्यावी. ती जुन्या संगणकात लगेच उपयोगी पडेल आणि पुढे नव्यातही जाईल, त्यामुळे हा खर्च वाया जाण्याचा प्रश्नच नाही. नव्या बोर्डावर एनव्हीएमई प्रकारची, थेट बोर्डावर बसणारी एसएसडी चालते. तुमच्या जुन्या बोर्डावर तिची जागा नसेल, तर साटाची, म्हणजे केबलने जोडायची, घ्यावी. गेमच्या चित्रगतीत दोघींमध्ये फारसा फरक पडत नाही, हार्ड डिस्कशी तुलना केली तर मात्र दोन्ही कितीतरी वेगवान आहेत.

त्यानंतर दरमहा २० च्या शिलकीतले दहा संगणकासाठी आणि दहा संकटकाळच्या निधीसाठी बाजूला काढावेत. एसएसडी पहिल्याच महिन्याच्या दहांतून भागेल आणि साधारण सहाव्या महिन्यापर्यंत तिच्यासकट ६० खर्च करता येतील. त्यात पहिला टप्पा बसवावा: रायझन ५ ५६०० सारखा सहा गाभ्यांचा प्रोसेसर, बी५५० बोर्ड, ८ जीबी रॅमची आणखी एक पट्टी आणि चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा पॉवर सप्लाय. हा प्रोसेसर आणि बोर्ड ज्या प्रकारच्या खाचेने जोडले जातात, ती एएम४ ही जुनी घडण मी का सुचवतो, हे विचारणे रास्त आहे. २०२२ मध्ये आलेली एएम५ अधिक काळ टिकणारी आहे आणि तीवर पुढचे प्रोसेसर बसतील, हे खरे. पण तिला डीडीआर५ या नव्या पिढीची रॅमच लागते, आणि २०२५ च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे रॅमचे भाव चढले आहेत. एएम४ वर तुमची हाताशी असलेली डीडीआर४ ची पट्टी चालते. दोन वेगळ्या पट्ट्या बहुतेक वेळा संथ पट्टीच्या वेगाने एकत्र काम करतात, तेवढी तडजोड इथे परवडण्यासारखी आहे. तुम्हाला आणखी दहा महिने थांबणे शक्य असते आणि रॅमचे भाव उतरले असते, तर मी एएम५ कडे झुकलो असतो.

पॉवर सप्लायवर मात्र काटकसर करू नये. आठ वर्षे चाललेला जुना पुन्हा वापरणे आणि स्वस्तातला अनोळखी नवा घेणे, दोन्ही धोक्याचे आहे, कारण तो बिघडला तर सोबत बाकीचे भागही निकामी होऊ शकतात. उलट कोटेशनमधला दिव्यांचा कॅबिनेट, दिव्यांचे पंखे आणि नवा कीबोर्ड निःसंकोच वगळावेत. एवढ्यानेच १२० चे ११० होतात.

या टप्प्यावर जुने १०५० टीआय कार्ड नव्या बोर्डावर लावायचे. हे करणे आवश्यकच आहे, कारण रायझन ५ ५६०० मध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसते. दोन्ही रोजचे खेळ त्यावर आजच्यापेक्षा बरेच सुरळीत चालतील. शिवाय आणखी एक प्रश्न इथेच सुटतो. विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि तुमचा सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही; नवा प्रोसेसर आहे. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या दोन सुरक्षा सोयी चालू असाव्या लागतात, तेव्हा बोर्डाच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) दोन्ही तपासून घ्याव्यात. लिनक्स विनामूल्य असले तरी तुमच्यासाठी तो मार्ग बंद आहे, कारण व्हॅलोरंट त्यावर चालत नाही. विंडोजचा परवाना जुन्या संगणकासोबत आलेला असेल, तर तो त्याच बोर्डाला बांधलेला असतो आणि नव्यावर जात नाही. स्वतंत्र विकत घेतलेला असेल तर नेता येतो. कोटेशनमध्ये ही रक्कम कुठेच दिसत नाही. नवा परवाना लागलाच, तर त्याचा खर्च ५० च्या दुसऱ्या टप्प्यात न मिसळता वेगळा धरावा आणि कार्ड एक महिना पुढे ढकलावे.

दुसरा टप्पा म्हणजे ग्राफिक्स कार्ड, अकराव्या महिन्याच्या सुमारास, ५० मध्ये. तुमचा मॉनिटर १०८०पी आहे, म्हणजे प्रत्येक चित्रात सुमारे २१ लाख बिंदू; ४के मध्ये त्यांच्या बरोबर चौपट असतात. ४के साठी बनवलेल्या महाग कार्डाचे पैसे तुमच्या पडद्यावर दिसणारच नाहीत, आणि ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० पेक्षा जास्त चित्रे दाखवू शकत नाही. आरएक्स ७६०० किंवा त्या वेळी त्याच किमतीत मिळणारे कार्ड पुरेसे ठरेल. ८ जीबी मेमरीमुळे काही नव्या गेममध्ये टेक्स्चरची (पृष्ठभागांच्या बारकाव्यांची) सेटिंग एक-दोन पायऱ्या खाली ठेवावी लागेल. त्याच भावात १२ जीबीचे कार्ड मिळत असेल तर ते घ्यावे, मात्र इंटेलचे आर्क बी५८० टाळावे, कारण साध्या प्रोसेसरसोबत त्याची कामगिरी बऱ्याच गेममध्ये घसरते.

वापरलेले कार्ड घ्यायला माझी हरकत नाही, पण नव्याच्या किमतीच्या साठ टक्क्यांहून अधिक देऊ नये. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवरचे खाणकाम बंद झाल्यावर रात्रंदिवस राबवलेली असंख्य कार्डे बाजारात आली आणि त्यांतली काही आजही हातोहात फिरत आहेत. खरेदीपूर्वी समोर बसून अर्धा तास जड गेम चालवून पाहावा, तापमान आणि पंख्याचा आवाज तपासावा आणि उरलेली हमी नव्या मालकाला लागू होते का, हे लेखी विचारावे.

भाव उतरण्याची वाट पाहावी का, असेही तुम्ही विचारले आहे. २०२१ मध्ये कार्डे छापील किमतीच्या कितीतरी वर विकली जात होती आणि २०२२ मध्ये ती खाली आली. त्यानंतर पाळी रॅमची आली. एखादा भाग अवाच्या सवा महाग झाला असेल, तर टप्प्यांचा क्रम बदलावा, एवढेच तुमच्या हातात आहे. सगळेच भाग एकाच वेळी स्वस्त होण्याचा मुहूर्त पाहत बसू नये. चालवण्याच्या खर्चाचीही नोंद ठेवावी: खेळताना ३०० वॉट धरले, तर रोज तीन तासांचे महिन्याला सुमारे २७ युनिट होतात.

अकरा महिन्यांत संगणक पूर्ण होतो आणि बँकेत २७० असतात. पुढचे तेरा महिने सगळे २० साठवले, तर दोन वर्षांनी ५३० होतात, म्हणजे साडेसहा महिन्यांचा खर्च. लॅपटॉपच्या वाटेने तेव्हा ३३० असते. दोन्ही वाटांनी दोन वर्षांनंतर तुम्ही गेम खेळतच असाल.

पहिल्या टप्प्यानंतर पगारात खंड पडला किंवा मोठा खर्च उद्भवला, तर दुसरा टप्पा कितीही महिने पुढे ढकलावा आणि संगणकासाठी साठवलेली रक्कम विनासंकोच निधीत वळवावी. जुन्या कार्डावर मित्रांबरोबरचे सामने तोपर्यंत चालू राहतील.