वाचक विचारतात : घोंगडीतलं कुसळ

प्रश्न : ताई, आम्ही बारा-चौदा जण, बहुतेक निवृत्त. महिन्यातल्या एका रविवारी निसर्गाच्या गप्पा आणि एखादी जुनी हस्तकला, असं ठरवून सुरुवात केली. दोन महिन्यांतच तट पडले. निम्म्यांना पक्षी बघायचेत, निम्म्यांना माग शिकायचाय. दोन वेगळे गट करावेत का? आणि कारागिरांना बोलवायचं तर हॉल घ्यावा का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : गट पाडू नका. हॉल तर मुळीच घेऊ नका, तो धडा मी पैसे मोजून शिकले आहे.

सहा वर्षांपूर्वी सांगोल्याकडच्या एका घोंगडी विणणाऱ्या मामांना आम्ही शहरात बोलावलं. माईक, सतरंजी, शाल-श्रीफळ, सगळं साग्रसंगीत. मामा उभे राहिले, "लोकर कातरायची, सूत काढायचं, विणायचं. झालं," एवढं बोलून खाली बसले. उरलेली पन्नास मिनिटं मी एकटीच बोलत होते, तेही धड न येणाऱ्या विषयावर. चहा पिताना मामा म्हणाले, "बाई, माग तिकडं गावात, मी हिकडं. काय सांगू लोकांस्नी?"

पुढच्या महिन्यात आम्हीच त्यांच्या दारात गेलो. खड्ड्यात पाय सोडून मामा मागावर बसले आणि बोलायचे थांबेनात. अंगणात ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, ताणलेला होता, मामी त्यावर कुंच्याने चिंचोक्याची खळ चोपडत होत्या. हाताने कातलेला लोकरीचा धागा केसाळ असतो. खळ दिली नाही तर शेजारचे धागे एकमेकांत गुंततात आणि मागाच्या फणीत तटातट तुटतात. चिंचोके भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे. आमच्यातल्या एका काकूंनी न राहवून कुंचा मागितला. चार हात मारले असतील, मामींनी तो परत घेतला. "लई जाड बसली," म्हणाल्या. काकू बँकेत मॅनेजर होत्या, त्यांची चूक काढायची कुणाची हिंमत नसायची. त्या दिवशी मात्र खूश होऊन हसत होत्या.

आता तुमच्या पक्षीवाल्यांकडे येते. दुपारी मामी लोकरीचा पुंजका मांडीवर घेऊन त्यातून काहीतरी चिमटीने उपसत बसल्या होत्या. बघितलं तर कुसळ! आपल्या माळावरच्या कुसळी गवताचं, पावसाळा सरल्यावर सॉक्समध्ये घुसतं तेच. मी एक कुसळ तळहातावर घेतलं, त्यावर पाण्याचा थेंब सोडला आणि सगळ्यांना वाकून बघायला लावलं. क्षणभर काही नाही. मग त्याचा पीळ उलगडायला लागला आणि लांब शेपूट घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरू लागलं. ओल लागली की पीळ सुटतो, वाळला की पुन्हा बसतो. अशा फिरण्यानेच टोकाशी असलेलं बी मातीत रुततं. मेंढीच्या अंगावर पडलं तर लोकरीत रुततं आणि थेट मामींच्या मांडीवर येतं. विणकामासाठी आलेली माणसं गवत विचारायला लागली. पक्षीवाले मामांना विचारू लागले, मेंढरं कुठल्या माळाला जातात, तिथे टिटवी अंडी कुठे घालते. मामांना सगळं ठाऊक. हॉलमध्ये त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांनीच सांगितलं की आता बरेच मेंढपाळ माडग्याळी मेंढ्या पाळतात. मटणाला भाव आहे, पण त्यांच्या अंगावर लोकर नावालाच. दख्खनी मेंढी कमी झाली की काळी लोकर कमी होणारच.

तेव्हा पुढच्या रविवारी माळ बघा, त्याच्या पुढच्या रविवारी माग. नान्नजच्या अभयारण्यात जाणार असाल तर वन विभागाची परवानगी आधी काढा आणि माळढोक दिसेल असं कुणालाही सांगू नका. अभयारण्य 1979 चं, नाव माळढोकाचं, पण पक्षी आता क्वचितच दिसतो. काळवीट, माळावर तुरुतुरु पळणारा धाविक पक्षी, चंडोल यांच्यावर खूश होणारी माणसं न्या. पावसाळ्यात गवतात शिरू नका. माळढोक, टिटवी, चंडोल सगळे जमिनीवरच अंडी घालतात, आणि माळढोकाची मादी एका वेळी बहुधा एकच. त्या महिन्यांत सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या चादरीच्या कारखान्यात जा. आपल्या चादरीवरचा मोर जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांतून कसा उठतो, ते बघण्यात अख्खी सकाळ जाते.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. आम्ही माणशी 200 रुपये काढतो. गाडीभाडं वेगळं. त्या दोनशेतला एक रुपयाही आम्ही ठेवत नाही, सगळे मामा-मामींचे. त्यांचा अख्खा दिवस मोडतो, त्याची भरपाई नारळाने होत नाही.

प्रश्न : वय 67. हात किंचित थरथरतो. टकळीवर सूत काढायला शिकता येईल का, की लोक हसतील?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : येईल. सुरुवातीला धागा कुठे सुतळीसारखा, कुठे केसासारखा निघेल. माझा अजून तसाच निघतो, आणि माझा हात थरथरत नाही. पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, सैल धरा, टकळी वाटीत टेकवून फिरवा म्हणजे तिचं वजन धाग्यावर येत नाही. रोज पंधरा मिनिटं पुरे. हसतील त्यांच्या हातात टकळी द्या.