आधी झोप विचार

रामबाग, इंदूर

चि. डॉक्टरीणबाई,

काल फोनवर तू रडकुंडीला आली होतीस. उदासीवरची एस्सिटालोप्राम सुरू करून दहा दिवस झाले, फरक नाही आणि पेशंटचा भाऊ रोज दारात उभा: 'गोळी बदला.' बदलू नकोस. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात होते. हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवायचं असतं गं.

मला काळजी वेगळीच आहे. तू पाठवलेला केसपेपर पाहिला. मरणाचे विचार येतात का, हे तू विचारलंस, बरं वाटलं. पण पुढे नुसतं 'झोप कमी.' कशी कमी? रात्रभर तळमळणारा वेगळा आणि तीन तास झोपून ताजातवाना उठणारा वेगळा. आज उदास असलेल्यालाही विचारायचं, असे कमी झोपूनही ताजंतवानं वाटायचे दिवस पूर्वी कधी आले होते का? झोप विचार, किती वेळा सांगू!

प्रॅक्टिसच्या चौथ्या वर्षी क्लॉथ मार्केटमधला एक मुनीम आला. खचलेला, अन्नावरची वासना उडालेली. मी इमिप्रामिन दिलं, तेही उदासीचंच औषध. तिसऱ्या आठवड्यात तो रात्री दोनला सराफ्यात अनोळखी लोकांना जिलेब्या वाटत होता, मालकाच्या पैशांनी. नोकरी गेली. बायको माझ्या टेबलापुढे उभी राहून एवढंच म्हणाली, "लग्नाच्या दुसऱ्या वर्षीही असंच झालं होतं. तुम्ही विचारलंच नाहीत."

बायपोलरमध्ये, म्हणजे कधी उदासी तर कधी उन्माद अशा आजारात, नुसती उदासीची गोळी दिली तर माणूस उन्मादात जाऊ शकतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ओपीडीत ऐंशी माणसं होती, तो स्वतःहून काही बोलला नाही, माझ्या जागी दुसऱ्या कुणीही तेच लिहिलं असतं. सगळं खरं. पण प्रश्नाला अर्धं मिनिट लागलं असतं.

पुढे त्याला मन स्थिर ठेवायला लिथियम लागलं. त्याची पातळी बघायला शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त, शिवाय थायरॉईड आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. मे महिन्यात अंगातलं पाणी कमी झालं किंवा गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन घेतली, की पातळी चढायची भीती. सगळ्या तारखा बायकोने कालनिर्णयवर लिहून ठेवल्या होत्या. जुलाब-उलट्या झाल्या, हात जास्त थरथरले, की ती पुढची गोळी न देता त्याला घेऊन थेट यायची.

मंगळवारी पेशंटची परवानगी घेऊन भावाला एकट्याला आत बोलाव. 'झोप येते का' असं विचारू नकोस. न झोपता हिंडायचा का, पैसे उधळायचा का, एरवीपेक्षा भराभर बोलायचा का, ते विचार. हो म्हणाला तर डोस वाढवायचा नाही, आधी मला फोन. रात्री अकरालाही चालेल.

तुझा,
काका