सिस्टिम ॲडमिनने आयटी मॅनेजर व्हायला काय करावं?

कारखान्यात सहा वर्षं सिस्टिम ॲडमिन आहात आणि एमबीए, पीएमपी (प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र) की आयटीआयएल (आयटी सेवा चालवण्याच्या पद्धतींचं प्रमाणपत्र) असं विचारताय. माझ्या मते आधी साहेबांकडून एक काम मागून घ्या, परीक्षा नंतर.

पीएमपीच्या अर्जात चार वर्षांची पदवी असल्यास ३६ महिने प्रकल्प चालवल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. डिप्लोमावाल्यांना ६० महिने. पॅच (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या) टाकणं, बॅकअप बघणं, पासवर्ड बदलून देणं हे रोजचं काम यात धरत नाहीत. इथेच बहुतेक ॲडमिन अडकतात.

मग प्रकल्प आणायचा कुठून? विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, आणि जुने पीसी बहुतेक कंपन्यांत अजून आहेत. यादी करा: खरेदीची तारीख, प्रोसेसर, टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) आहे का, वॉरंटी कधी संपते. मग साहेबांना एका पानावर तीन आकडे द्या: सगळे आत्ता बदलले तर किती, दोन टप्प्यांत किती, आणि काहीच न बदलता पैसे भरून अपडेट घेत राहिलं तर किती. तिसऱ्या पर्यायाचा दर साधारण दरवर्षी दुप्पट होतो, आणि तीन वर्षांनंतर तोही बंद. हे पान ज्याने लिहिलं, त्यालाच सहसा ते काम मिळतं.

घोटाळा होतो तो शॉप फ्लोअरवर, म्हणजे जिथे उत्पादन चालतं तिथे. एखाद्या मशीनचं जुनं सॉफ्टवेअर किंवा लेबल प्रिंटरचा ड्रायव्हर विंडोज ११ वर चालतच नाही, आणि हे कळतं डिस्पॅच थांबल्यावर. म्हणून आधी प्रत्येक विभागातला एकेकच पीसी बदला, आठवडाभर चालू द्या, जुनी डिस्क पुसू नका. अकाउंट्सला ११ आणि २० तारखेच्या आसपास हात लावू नका. जीएसटी रिटर्नची गडबड असते.

सोबत एएमसीचे (वार्षिक देखभालीचे) करार वाचायला घ्या. ‘चार तासांत प्रतिसाद’ म्हणजे चार तासांत फोन येईल; दुरुस्ती कधी, ते वेगळं लिहून घ्यावं लागतं. ९९.९ टक्के अपटाइम (सेवा चालू राहण्याचा वेळ) म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात सुमारे ४३ मिनिटं बंद चालेल, पण नियोजित मेंटेनन्स त्यात धरलाय का ते बघा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेशही माहीत हवा: सायबर घटना ६ तासांत कळवायची, लॉग (सिस्टिममधल्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे. मुलाखतीत यावर बोलता आलं की समोरचा सावरून बसतो.

आयटीआयएल ४ फाउंडेशन मध्येच उरकता येईल: ४० प्रश्न, ६० मिनिटं, २६ बरोबर हवेत. त्याने भाषा कळते, टीम मिळत नाही. एमबीएचं तूर्त राहू द्या. आयटी हेडच्या जागेसाठी अर्ज करायची वेळ येईल तेव्हा बघता येईल.

रेझ्युमेत ‘सर्व्हर सांभाळले’ लिहू नका. किती पीसी, किती खर्च, किती दिवस, काम किती तास थांबलं, एवढं लिहा.