पंखा उशिरा लागतो म्हणून सेन्सरला फसवू नका

प्रश्न : ताई, माझी पेट्रोल गाडी दहा वर्षांची आहे. उन्हाळ्यात पाथर्डी फाट्याहून पंचवटीत जाताना द्वारका चौकात अडकलो की टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर सरकतो. मग पंखा एकदम जोरात घोंगावत सुरू होतो आणि काटा खाली येतो. हायवेला काही त्रास नाही. ओळखीचे एक मेकॅनिक म्हणतात, सेन्सरच्या वायरला रेझिस्टन्स लावून देतो, पंखा लवकर लागेल. लावून घेऊ का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : लावून घेऊ नका, दादा. तो सेन्सर फक्त पंख्यासाठी नाही. इंजिन किती तापलंय हे त्याच्याकडूनच कळतं आणि त्यावर ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. थंड असताना सेन्सरचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जास्त, तापला की कमी. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना तो अडीच हजार ओहमच्या आसपास असतो आणि ९० अंशांना अडीचशेच्याही जरा खाली. आता याच्या दोन्ही वायरींच्या मध्ये दोन हजार ओहमचा तुकडा जोडला, तर एकूण रेझिस्टन्स घटतो आणि ९० अंशांना ईसीएमला साधारण ९४ दिसतील. पंख्यात फरक पडला चार अंशांचा. पण सकाळी गार इंजिन २० अंशांवर असेल, तेव्हा त्याला दिसतील ४०! मग तो पेट्रोल कमी सोडणार आणि गार इंजिन सुरू व्हायला त्रास देणार.

निफाडकडची एक गाडी अशीच आमच्या सातपूरच्या गॅरेजला आली होती. जानेवारीत पहाटे द्राक्षबागेत जायचं असायचं आणि आठ-दहा सेल्फ मारल्याशिवाय गाडी उठायची नाही. बॅटरी नवी टाकून झाली, प्लग बदलून झाले. मी सेन्सरच्या सॉकेटमागची काळी टेप सोलली, तर आत तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टन्स. कापून वायर सरळ केली, दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी पहिल्या सेल्फला सुरू. त्या माणसाचे बॅटरीचे पैसे उगाच गेले, याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमच्या पत्रातला ‘एकदम जोरात’ हा शब्द मला फार कामाचा वाटला. अनेक गाड्यांच्या पंख्याला दोन स्पीड असतात. पहिला, हळू, ९५ अंशांच्या आसपास लागतो आणि दुसरा शंभरी ओलांडल्यावर. हळू स्पीड पंख्याच्या फ्रेमवर बसवलेल्या एका जाड रेझिस्टरमधून मिळतो. तो जळाला की पहिला स्पीड गायब होतो आणि पंखा थेट दुसऱ्यालाच, म्हणजे उशिरा आणि जोरात लागतो. तुमच्या गाडीचं हेच झालं असावं असं मला वाटतं. गाडी गार असताना इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत मिनिटा-दोन मिनिटांत पंखा हळू फिरायला लागतो. नाही फिरला, तर आधी रेझिस्टर, रिले आणि फ्यूज बघून घ्या. पंख्याजवळ हात मात्र नेऊ नका.

ते ठीक निघालं, तर एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधली फट बघा. कांद्याच्या मार्केटला ये-जा करणाऱ्या गाड्यांत मी तिथून मूठ-मूठ पापुद्रे आणि धूळ काढली आहे. गाडी पळताना वारा त्यातूनही कसाबसा जातो, उभ्या गाडीत पंखा एकटा पुरत नाही. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा, आणि प्रेशर कमी ठेवा, नाहीतर पत्र्याच्या बारीक पात्या वाकतात. कूलंटमध्ये बोअरचं पाणी तर कधीच नको, आत क्षार धरतो.

एवढं करूनही पंखा लवकर हवा असेल, तर ईसीएममधला आकडाच बदलणारा जाणकार गाठा. पण थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. पंख्याचा आकडा त्याच्या खाली नेला, तर पंखा बंदच होणार नाही, मोटर झिजेल. जुन्या गाड्यांत रेडिएटरला वेगळा थर्मोस्विच असतो, त्यावर ९२/८७ असे आकडे कोरलेले असतात: ९२ ला चालू, ८७ ला बंद. तिथे कमी आकड्याचा स्विच बसवला तर पेट्रोलच्या हिशेबाला धक्का लागत नाही. थर्मोस्टॅट काढून टाका असं कोणी म्हटलं, तर ऐकू नका.

आणि काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो, खरं तापमान दहा-वीस अंशांनी बदललं तरी हलत नाही. स्वस्तातला ओबीडी स्कॅनर, म्हणजे ईसीएममधले आकडे दाखवणारं यंत्र, मोबाइलला जोडा, द्वारकेला अडकाल तेव्हा पंखा किती अंशांना लागला आणि किती अंशांना बंद झाला ते लिहून ठेवा, आणि ते दोन आकडे मला कळवा.