आईला वचन तू का वाचून दाखवतोस?

पत्र, थोडक्यात: “मी ३२ वर्षांचा, कारखान्यात सुपरवायझर. वडील नाहीत; आई आणि मी. पगार २४ हजार, त्यातला दशमांश, म्हणजे दहावा भाग, चार वर्षं न चुकता देवाला देतो. पहाटे पाचला प्रार्थना, शुक्रवारी उपास. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, छतासाठी ३५ हजारांचा शब्द दिलाय, २० दिले. लहानपणी दाविदाची स्तोत्रं आईनेच माझ्याकडून पाठ करून घेतली; आता रात्री तिला मीच बायबलमधलं वचन वाचून दाखवतो. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छतामुळे पुढे ढकललंय, पण तिची तक्रार नाही. तरी बढती दुसऱ्याला मिळाली, ठरत आलेलं लग्न दोनदा मोडलं. आज्ञा पाळणाऱ्याला देव मस्तक करील, पुच्छ नाही, असं बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायात आहे. दशमांश आणणाऱ्यावर देव आशीर्वाद ओततो, असं मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकात (३:१०) आहे. मग माझं कुठे चुकतंय?”

सलाम.

बढती आणि लग्न मी बाजूला ठेवते. एवढ्या मोठ्या पत्रात आई दोन ओळींत आली आणि गेली. मी तिथेच अडकले.

आईला वचन वाचून दाखवणं तू आज्ञापालनाच्या यादीत घातलंयस. अरे, पण दाविदाची स्तोत्रं तिनेच तुझ्याकडून पाठ करून घेतली, हेही तूच लिहिलंयस. मग आज तू का वाचतोस? तिला अक्षर दिसत नाही म्हणून! माझ्या आईचं मी पाहिलंय. तांदूळ निवडायला ताट आधी खिडकीत न्यायची, मग उंबऱ्यात, आणि शेवटी खडे बोटांनी चाचपून काढायची. विचारलं की म्हणायची, “दिसतंय की.” तिचीही तक्रार नव्हती.

आता मार्कच्या शुभवर्तमानाचा ७ वा अध्याय काढ. यरुशलेमहून आलेले शास्त्री आणि परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी धर्मपुढारी, येशूला विचारतात, तुझे शिष्य हात न धुता का जेवतात? येशू हात धुण्याचं सोडून आईबापांवर येतो. मोशे सांगतो आईबापांचा मान राख, आणि तुमच्यातला माणूस त्यांना म्हणतो, तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं. झालं, मग त्याला त्यांच्यासाठी काही करावं लागत नाही. येशूच्या लेखी हे देवाचं वचन रद्द करणं आहे. कुर्बानच्या जागी छत घाल आणि पुन्हा वाच.

मला फार वाईट वाटलं हे लिहिताना, कारण तू लबाड नाहीस. तू मनापासून देतोस. पण मलाखीचं १० वं वचन ज्या पानावर सापडलं, तिथेच पाच वचनं आधी बघ. मजुरांना, विधवांना, अनाथांना छळणाऱ्यांविरुद्ध देव स्वतः साक्षीला उभा राहतो. अनुवाद १४ मध्ये तर दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच ठेवायला सांगितलाय. लेवी (देवाची सेवा करणारे, ज्यांना स्वतःची जमीन नव्हती), परका, अनाथ आणि विधवा यांनी येऊन पोटभर खावं म्हणून. त्याला जोडूनच लिहिलंय, म्हणजे तुझ्या हातच्या सगळ्या कामात देव तुला आशीर्वाद देईल. तू शोधतोयस तो आशीर्वाद मोशेने विधवेच्या ताटाशी बांधून ठेवलाय, आणि तुझ्या घरातली विधवा चाचपडत चहा करते.

आईला दवाखान्यात नेलंस की बढती मिळेल, असं मी म्हणत नाही. त्यासाठी नेणार असशील तर तोही व्यवहारच.

सोमवारी रजा टाक. जिल्हा रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते, म्हणजे ऑपरेशनच्या पैशांचं कारणही उरत नाही; लागते ती तुझी रजा आणि तिला धरायला तुझा हात. आधार कार्ड, रेशन कार्ड बरोबर घे. छताचे उरलेले १५ हजार थांबू देत. आधी तिची औषधं, रिक्षा, चष्मा. मंडळीच्या पाळकसाहेबांना रविवारीच सांग. ते नाराज झाले तर मार्क ७ त्यांच्यापुढेही ठेव, पण मला वाटतं ते म्हणतील, आधी का नाही बोललास?

डोळा बरा झाला की एका रात्री पवित्र शास्त्र तिच्या हातात दे. तोच ७ वा अध्याय तिला वाचू दे, आणि तू ऐक.